दगडी कोळशाच्या खाणी, त्यांचे धोके आणि खाणीभोवतीचे जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दगडी कोळशाची चर्चा बहुधा वीजनिर्मिती, आयात आणि दर यांच्याभोवती फिरते. तो ज्या जमिनीतून निघतो तिचे, ज्या माणसांच्या हातून निघतो त्यांचे आणि शेजारी वसलेल्या वस्त्यांचे काय होते, हा विषय त्या चर्चेत शेवटी येतो किंवा येतच नाही. पुढील प्रश्न त्या विषयाचे आहेत. उत्तरांत अनेक देशांतील नोंदल्या गेलेल्या घटनांचा आधार घेतला आहे, कारण त्याच त्या चुका वेगवेगळ्या शतकांत आणि वेगवेगळ्या भूमीवर पुन्हा घडलेल्या दिसतात. त्यांतील बहुतेक चुकांचे कारण आधीच कोणाला तरी ठाऊक होते, ही गोष्ट वाचताना लक्षात ठेवावी.

कोळशाची खाण इतर खाणींहून अधिक धोकादायक का मानली जाते?

लोखंडाच्या किंवा तांब्याच्या खाणीत जे खनिज काढायचे असते ते स्वतः पेट घेत नाही. कोळसा पेट घेतो. शिवाय प्राचीन वनस्पतींचे कोळशात रूपांतर होताना तयार झालेला मिथेन वायू थरातच अडकून राहिलेला असतो आणि थर कापला की तो बाहेर पडू लागतो. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असेल तर ते मिश्रण स्फोटक असते, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास स्फोट सर्वांत तीव्र होतो. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताजवळ साचतो. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने तळाशी, सखल भागात आणि जुन्या बंद बोगद्यांत साचतो. आणि आगीनंतर निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना त्याला वास येतो. त्यामुळे भूमिगत खाणीत वायुवीजन, म्हणजे ताजी हवा आत ढकलून दूषित हवा बाहेर ओढण्याची व्यवस्था, ही सर्वांत महत्त्वाची यंत्रणा ठरते. पंखा थांबला तर कामगारांना बाहेर काढणे हा एकच योग्य निर्णय उरतो.

स्फोटांची बातमी होते. छत कोसळण्याची होत नाही, कारण त्यात एकावेळी एखादाच माणूस दगावतो. वास्तविक ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत दीर्घ काळ स्फोटांपेक्षा छत कोसळून अधिक कामगार मेले.

एका ठिकाणी झालेला स्फोट संपूर्ण खाणभर कसा पसरतो?

याचे उत्तर कोळशाच्या धुळीत आहे. बोगद्याच्या तळावर आणि भिंतींवर साचलेली बारीक धूळ एरवी निरुपद्रवी दिसते. मिथेनचा एखादा लहान स्फोट झाला की त्याच्या दाबाने ती हवेत उडते, मागून येणारी ज्योत तिला पेटवते, त्या दुसऱ्या स्फोटाने पुढच्या टप्प्यातील धूळ उडते, आणि अशा रीतीने आग काही क्षणांत मैलोगणती बोगद्यांतून धावत जाते. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधील कुरियेर येथे असेच घडले आणि १,०९९ माणसे मृत्युमुखी पडली. बचावकार्य आटोपल्याचे मानले गेल्यानंतर, तब्बल वीस दिवसांनी, तेरा कामगार अंधारातून वाट काढत स्वतःहून वर आले. आत आणखी कोणी जिवंत असावे काय, या प्रश्नाने त्या वस्तीतील लोकांच्या मनात जो संताप उसळला असेल त्याची कल्पना आजही अस्वस्थ करते.

आजवरची सर्वांत मोठी कोळसाखाण दुर्घटना २६ एप्रिल १९४२ रोजी जपानच्या ताब्यातील मांचुरियात, बेनशीहू येथे घडली. तेथे १,५४९ कामगार मरण पावले. युद्धानंतर झालेल्या सोव्हिएत तपासात असे आढळले की, आग विझवण्यासाठी वायुवीजन बंद करून खाण लिंपून टाकल्यामुळे बहुतेकांचा मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने झाला होता.

धुळीवरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. बोगद्यांत चुनखडीची भुकटी पसरली की कोळशाच्या धुळीचे प्रमाण कमी होते आणि ज्योत पुढे सरकत नाही. असे असूनही २०१० साली अमेरिकेतील अपर बिग ब्रँच खाणीत २९ कामगार मेले, तेव्हा साचलेली धूळ आणि अपुरी चुनखडीची भुकटी हीच कारणे तपासात पुढे आली. शंभर वर्षांपूर्वी शिकलेला धडा रोजच्या पाळीत पाळला जातो की नाही, यावरच सारे अवलंबून असते.

सुरक्षादिव्याचा शोध लागल्यावर स्फोट थांबले का?

नाही. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंग खाणीत ९२ माणसे व मुले मृत्युमुखी पडल्यानंतर, उघड्या ज्योतीने वायू पेटणार नाही असा दिवा करण्याच्या प्रयत्नांनी वेग घेतला आणि १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक धातूची जाळी असलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता शोषून घेते आणि ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागचे तत्त्व. परंतु दिवा हाती आल्यावर पूर्वी वायूमुळे सोडून दिलेले, अधिक खोल आणि अधिक धोक्याचे थर खणण्यास सुरुवात झाली. जी सुरक्षितता मिळाली ती उत्पादनासाठी खर्च झाली. खाणकामाच्या इतिहासात हे अनेकदा घडलेले दिसते, म्हणून नवे उपकरण आले की धोका संपला असे समजू नये.

पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याची गोष्ट अनेकांना माहीत असते. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो उपाय सुचवला. जलद श्वसनामुळे कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम या पक्ष्यावर माणसाच्या आधी दिसतो. ब्रिटनच्या खाणींत ते पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते.

खाणीत पाणी शिरण्याचे प्रसंग का घडतात?

हा प्रश्न कमी विचारला जातो, परंतु त्याचे उत्तर सर्वांत बोलके आहे. खाण बंद झाली की पंप थांबतात आणि रिकाम्या बोगद्यांत पाणी भरत जाते. काही दशकांनी शेजारी नवे काम सुरू होते. जुन्या कामाचे नकाशे हरवलेले, अपुरे किंवा चुकीचे असतात. मधली कोळशाची भिंत किती जाडीची उरली आहे हे कोणालाच नेमके सांगता येत नाही, आणि एका पाळीत ती फुटते.

भारतात धनबादजवळील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी खाणीत पाण्याचा लोंढा शिरला आणि साडेतीनशेहून अधिक कामगार बुडाले. २००१ साली बागडिगी येथे शेजारच्या जुन्या खाणीतील पाणी आत आले आणि २९ जण मेले. २००२ साली अमेरिकेतील क्वेक्रीक येथे नेमके हेच घडले: जुन्या खाणीचा नकाशा अपुरा होता, यंत्राने भिंत फोडली आणि नऊ कामगार अडकले. तेथे वरून छिद्र पाडून उबदार हवा सोडण्यात आली, पाणी उपसण्यात आले आणि सुमारे ७७ तासांनी नऊही जणांना एका अरुंद पिंजऱ्यातून जिवंत वर काढण्यात आले.

अशा पिंजऱ्याचा भारतातील प्रयोग त्याआधीचा आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधील राणीगंज येथील महावीर खाणीत पाणी शिरून ७१ कामगार अडकले होते. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूल तयार करवून घेतली, नव्याने पाडलेल्या छिद्रातून ते स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठवले. सहा जण मात्र वाचू शकले नाहीत. या धाडसाबद्दल कितीही आदर वाटला तरी एक गोष्ट विसरू नये: बचावाची वेळ येते तेव्हा सुरक्षेचे आधीचे सारे टप्पे निसटून गेलेले असतात.

बेकायदा खाणींत तर नकाशाच नसतो. मेघालयातील उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथे अशाच एका खाणीत पाणी भरून १५ कामगार अडकले. बंदी घातल्याने खाण नकाशावरून जाते. रोजगाराची दुसरी वाट नसेल तर माणूस मात्र तिच्यात उतरतच राहतो.

खुल्या खाणी अधिक सुरक्षित असतात का?

कामगाराच्या दृष्टीने बहुतांशी होय, कारण वायू साचत नाही आणि डोक्यावर छत नसते. तरीही डंपरखाली सापडणे, सुरुंगाचे दगड अंगावर येणे आणि उतार घसरणे हे धोके राहतात. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडमधील ललमटिया येथे खुल्या खाणीतील मातीचा प्रचंड ढीग घसरून २३ कामगार त्याखाली गाडले गेले. जमिनीच्या दृष्टीने मात्र खुली खाण कितीतरी अधिक विध्वंसक असते. कोळशावरची सारी माती, झाडे, विहिरी, शेते आणि प्रसंगी डोंगराचा माथाच काढून टाकावा लागतो. म्हणजे धोका नाहीसा होत नाही. खाली उतरणाऱ्या कामगाराकडून तो शेजारी राहणाऱ्या कुटुंबाकडे सरकतो. सुरुंगाच्या हादऱ्यांनी तडे गेलेल्या भिंती, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ आणि उन्हाळ्याआधीच आटणाऱ्या विहिरी हा त्या कुटुंबाच्या वाट्याचा भाग असतो.

'काळे फुफ्फुस' म्हणजे काय? तो आजार आता इतिहासजमा झाला आहे का?

कोळशाच्या धुळीतील सुमारे पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातील पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून दाह होतो, व्रण पडतात आणि फुफ्फुस हळूहळू ताठर होत जाते. या आजाराला वैद्यकीय भाषेत न्यूमोकोनिओसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि खाणीतील काम सोडल्यानंतरही वाढत राहू शकतो. जिना चढताना लागणारी धाप प्रथम वयाची म्हणून सोडून दिली जाते आणि निदान होते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

अमेरिकेत नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टन येथील स्फोटात ७८ कामगार मेले. पुढच्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात सुमारे ४०,००० खाणकामगारांनी या आजाराच्या भरपाईसाठी संप केला आणि १९६९ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने धुळीवर प्रथमच मर्यादा घातली. रोग्यांची संख्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत घटत गेली. पण त्यानंतर ती पुन्हा वाढली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मध्य अ‍ॅपलाचिया भागात पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या दर पाच कामगारांपैकी एकाच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात या रोगाची चिन्हे होती. कोळशाचे जाड थर संपल्यामुळे यंत्रांना पातळ थरांबरोबर वरखालचा खडकही कापावा लागतो, आणि त्या खडकातील सिलिका कोळशाच्या धुळीहून कितीतरी अधिक घातक असते. तेव्हा हा आजार इतिहासजमा झालेला नाही, आणि ज्या देशांत कामगारांची नियमित तपासणीच होत नाही तेथे तो केवळ नोंदीत दिसत नाही.

खाण वस्तीच्या सामाजिक जीवनावर कसा परिणाम करते?

खाण ज्या ठिकाणी असते तेथे बहुधा दुसरा मोठा रोजगार नसतो. घर, दवाखाना, शाळा आणि दुकान एकाच मालकाचे असण्याची पद्धत अनेक देशांत होती. अमेरिकेच्या खाणपट्ट्यात तर वेतनही कित्येकदा कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत मिळे. अशा वस्तीत नोकरी गेली की घरही जाते, आणि अपघातात कर्ता पुरुष गेला तर विधवेसमोर शोकाबरोबरच छप्पर शोधण्याचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या बाजूने, एकमेकांच्या सावधपणावर स्वतःचा जीव अवलंबून असल्यामुळे खाणकामगारांत जी एकजूट निर्माण होते ती अन्य उद्योगांत क्वचित आढळते, आणि कामगार संघटनांच्या इतिहासात खाणपट्टे अग्रभागी दिसतात ते याचमुळे.

स्त्रिया आणि मुले यांचा वाटा सहज विसरला जातो. १८३८ साली इंग्लंडमधील हस्कर खाणीत अचानक आलेल्या पाण्यात २६ मुले बुडाली. त्यानंतर झालेल्या चौकशीतून लहान मुले अंधारात बारा-बारा तास हवेची दारे उघडत-लावत बसतात हे उजेडात आले आणि १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना जमिनीखाली काम करण्यास मनाई झाली. या मनाईने मुले वाचली, पण स्त्रियांचे वेतन गेले. पर्यायी कामाची सोय कायद्याने केली नव्हती. भारतात जमिनीखालच्या काही तांत्रिक व व्यवस्थापकीय कामांचे दार स्त्रियांसाठी २०१९ मध्ये अटींसह उघडले.

स्थलांतर हा आणखी एक धागा. १९४६ च्या करारानुसार इटलीने बेल्जियमला कामगार पाठवायचे आणि बेल्जियमने इटलीला कोळसा द्यायचा, असे ठरले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील खाणीत लागलेल्या आगीत २६२ जण मेले, त्यांतील १३६ इटलीहून आलेले होते.

वाचलेल्यांचे दुःखही मोजणीत येत नाही. जपानमधील मिईके खाणीत नोव्हेंबर १९६३ मध्ये झालेल्या धुळीच्या स्फोटात ४५८ कामगार मेले आणि ८३९ जणांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. मेंदूला कायमची इजा झालेल्या माणसांना त्यांच्या कुटुंबांनी पुढची अनेक वर्षे सांभाळले.

खाणीबाहेरच्या माणसांनाही जीव गमवावा लागतो का?

होय, आणि त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण वेल्समधील अ‍ॅबरफान हे गाव आहे. गावावरच्या डोंगरउतारावर खाणीतील टाकाऊ दगड-मातीचे ढीग रचले जात होते. त्यांतला सातव्या क्रमांकाचा ढीग झऱ्यांवर रचलेला होता. खाली शाळा आहे आणि वरचा गाळ धोकादायक आहे, असे स्थानिक अधिकाऱ्यांनी १९६३ पासून लेखी कळवले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, मुले नुकतीच वर्गात बसली असताना, पाण्याने फुगलेला तो ढीग घसरत खाली आला. १४४ माणसे मेली. त्यांतील ११६ मुले होती.

चौकशीने राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरले. तरीही उरलेले ढीग हटवण्यासाठी लोकांनी पीडितांकरिता दिलेल्या मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड घेण्यात आले. ती रक्कम परत करण्यास सरकारला १९९७ साल उजाडले. मुलांच्या मृत्यूनंतरही ढिगाऱ्याचा खर्च शोकग्रस्त गावाने उचलावा, असे ठरवणाऱ्या मनोवृत्तीपुढे शब्द थिटे पडतात. परंतु खाणीचा खर्च शेजाऱ्यावर टाकण्याची जी पद्धत इतरत्र मूकपणे चालते, ती येथे उघड दिसली एवढेच.

अमेरिकेतील बफेलो क्रीक खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळसा धुतल्यानंतरच्या गाळाचा बांध फुटला. १२५ जण मेले आणि सुमारे ४,००० बेघर झाले. अशा ढिगांमधून आणि बांधांमधून पाण्याचा निचरा नीट होत आहे ना, हे पाहणे म्हणूनच वस्तीच्या सुरक्षेचा भाग आहे.

खाणीवरची जमीन का खचते?

खालून कोळसा काढल्यावर पोकळी राहते. काही पद्धतींत छत तोलण्यासाठी कोळशाचे खांब सोडले जातात, पण ते पुढे झिजतात किंवा लोभाने कापले जातात. लाँगवॉल पद्धतीत तर यंत्र पुढे सरकले की मागचे छत मुद्दाम कोसळू दिले जाते. दोन्ही पद्धतींत हालचाल अखेर वरपर्यंत पोहोचते. जर्मनीच्या रुर खोऱ्यातील एसेन शहराचे काही भाग वीस मीटरहूनही अधिक खचले आहेत. रुर खोऱ्यातील शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली, तरी खचलेल्या सखल भागांत पाणी साचू नये आणि खाणीतले दूषित पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून पंप कायम चालवावे लागणार आहेत. जर्मन भाषेत या खर्चाला 'चिरंतन भार' असा शब्दच रूढ आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र निधी उभारलेला आहे. जेथे असा निधी नाही तेथे भार असतोच, फक्त त्याला नाव नसते.

जमिनीखालची आग इतकी वर्षे कशी जळत राहते?

कोळसा हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग पावतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. ती बाहेर निसटली नाही तर तापमान वाढत जाते आणि ठिणगीशिवायही कोळसा पेटतो. जमीन खचून पडलेल्या भेगा या आगीला हवा पुरवतात, आगीमुळे खांब जळून जमीन आणखी खचते, आणि नव्या भेगा पडतात. ऑस्ट्रेलियातील विंगेन येथे नैसर्गिकरीत्या पेटलेला एक थर सुमारे ६,००० वर्षे जळत असावा, असा अंदाज आहे.

झारखंडमधील झरिया येथे अशा आगीची पहिली नोंद १९१६ सालची आहे. तेथे कुटुंबे आजही धुरकट जमिनीवर राहतात, कारण पुनर्वसनाची घरे रोजगाराच्या जागेपासून दूर असतात. २००९ च्या पुनर्वसन आराखड्याला नंतर सुधारावे लागले. अमेरिकेतील सेंट्रालिया गावाखाली १९६२ मध्ये कचराभूमीपासून आग लागली आणि हजाराहून अधिक वस्तीचे गाव जवळजवळ रिकामे झाले. खुल्या खाणीही सुटत नाहीत: २०१४ साली ऑस्ट्रेलियातील हेझलवूड खाण ४५ दिवस जळत होती आणि शेजारचे मॉरवेल शहर धुराखाली होते.

खाणीजवळच्या ओढ्यांचे पाणी केशरी का होते?

कोळशाच्या थरांत पायराइट हे लोह आणि गंधक यांचे खनिज असते. हवा आणि पाणी लागले की त्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, लोह पाण्यात विरघळते आणि पुढे गंजासारख्या केशरी थराच्या रूपाने तळावर बसते. आम्लामुळे खडकातील इतर धातूही सुटून येतात. मासे आणि त्यांचे अन्न असलेले कीटक नाहीसे होतात. ही प्रक्रिया खाण चालू असताना सुरू होते, पण पंप बंद पडून पाण्याची पातळी वर आल्यावर ती सर्वांत जास्त जाणवते, म्हणजे दंड भरायला कोणी उरलेले नसते तेव्हा. जर्मनीतील लाउझित्स भागात जुन्या खाणींच्या जागी तलाव केले गेले आहेत आणि त्यांचे कौतुकही होते, परंतु तेथून वाहणारी स्प्री नदी लोहामुळे तपकिरी झाली आहे. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींचे काठही भरवशाचे नसतात: २००९ मध्ये नाख्तरश्टेट येथे अशा तलावाचा काठ घरांसह कोसळला आणि तीन जण मेले.

कोळसा न जाळताही खाण हवामानावर परिणाम करते का?

करते. वायुवीजनातून बाहेर सोडलेला आणि खुल्या थरांतून निसटणारा मिथेन शंभर वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो, आणि वीस वर्षांच्या मोजणीत ८० पटींहून अधिक. बंद खाणींतूनही तो झिरपत राहतो. खणण्यापूर्वी थरातून मिथेन काढून इंधन म्हणून वापरला तर कामगारांचा धोका आणि प्रदूषण दोन्ही घटतात, म्हणून हा उपाय अधिक सक्तीने लागू व्हायला हवा.

विस्थापितांना भरपाई मिळते, मग तक्रार कशाची असते?

भरपाई बहुधा कागदावरच्या मालकाला मिळते. गायरानावर गुरे चारणारा, जंगलातून मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करणारा, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा आणि वहिवाटीने जमीन कसणारा यांच्याजवळ दाखवण्यासारखा उतारा नसतो. भारतात कोळसाक्षेत्रासाठी १९५७ चा स्वतंत्र संपादन कायदा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील भरपाईच्या तरतुदी त्याला २०१५ मध्ये लागू झाल्या. त्याच वर्षी खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधीची तरतूद झाली. हा पैसा नेमका बाधित गावांच्या पाण्यावर आणि आरोग्यावर खर्च होतो का, हे ग्रामसभेने विचारायला हवे.

श्रीमंत देशांतही गाव उठवणे सोपे नसते. जर्मनीतील गार्त्सवायलर खाणीसाठी इमेराथ गावाचे चर्च जानेवारी २०१८ मध्ये पाडले गेले, आणि तेथील लोकांनी आपल्या मृतांच्या कबरीही नव्या जागी नेल्या.

खाणी बंद झाल्यावर कामगारांचे काय होते?

ते बंद करण्याच्या रीतीवर ठरते. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या संपाच्या वेळी सुमारे १७० खाणी होत्या. संप मोडल्यावर त्या झपाट्याने बंद केल्या गेल्या आणि शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये संपली. पर्यायाची तयारी न केल्यामुळे अनेक खाणगावे पिढ्यानपिढ्या बेरोजगारीतून सावरली नाहीत. स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार, संघटना आणि कंपन्या यांनी लवकर निवृत्ती, नवे प्रशिक्षण आणि जमिनीची दुरुस्ती यांसाठी २५ कोटी युरोंचा करार आधी केला, नंतर खाणी बंद केल्या. क्रम महत्त्वाचा आहे.

अशा करारांत कायम कामगारांची नावे असतात. कंत्राटी मजूर, चहाची टपरी चालवणारी बाई किंवा सायकलवर कोळशाची पोती लादून मैलोगणती ढकलत नेणारा माणूस कोणत्याच यादीत नसतो. यादी करणे हे पहिले काम आहे.

अपघात खरोखर कमी करता येतात का?

येतात. अमेरिकेत १९०७ या एका वर्षात ३,२४२ कोळसा कामगार मेले; अलीकडच्या वर्षांत हा आकडा दहाच्या आसपास असतो. चीनमध्ये २००२ साली ६,९९५ मृत्यू नोंदले गेले होते, २०१८ मध्ये ३३३. कामगारांची घटलेली संख्या हे अमेरिकेतील घटीचे एक कारण आहे, परंतु चीनचे उत्पादन त्या काळात वाढले होते. लहान धोकादायक खाणी बंद करणे, यंत्रांचा वापर, वायूची सतत मोजणी आणि कडक तपासणी यांनी हा फरक पडला.

खाणीजवळ राहणाऱ्यांनी कशाकडे लक्ष द्यावे?

विहिरीची पातळी दर महिन्याला एकाच दिवशी मोजून तारखेसह लिहावी. भिंतीला तडा गेला तर त्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी आणि छायाचित्र काढावे, म्हणजे तो वाढतो आहे का ते सिद्ध करता येते. जमिनीतून वाफ किंवा धूर निघत असेल, पावसाळ्यात एखादा तुकडा विनाकारण कोरडा राहत असेल किंवा गंधकाचा वास येत असेल तर त्या जागेपासून दूर राहून लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. सोडून दिलेल्या बोगद्यात कोणत्याही कारणाने शिरू नये. तेथे प्राणवायू नसल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपते, आणि वाचवायला गेलेला दुसराही पडतो. खाणीत काम केलेल्याने डॉक्टरांना किती वर्षे व कोणत्या जागी काम केले ते आवर्जून सांगावे आणि जुनी क्ष-किरण चित्रे टाकून देऊ नयेत.

आणखी एक काम लवकर करण्यासारखे आहे. बंद खाणीत उतरलेले वृद्ध कामगार वस्तीत असतील तर त्यांच्यासोबत गावाच्या नकाशावर जुने बोगदे कोणत्या दिशेने गेले होते, पाणी कोठे झिरपत असे आणि कोणता भाग भिंत घालून बंद केला होता, ते काढून घ्यावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक खाण सुरक्षा अधिकाऱ्यांकडे जमा करावी.